रस्त्याकडेचं मीठ

आमच्या मोटारीचं नाव माझ्या आईनं ठेवलं होतं, बसवण्णा, म्हणजे कानडीत नंदी. सरकारी कागदावर तिला नुसता नंबर होता आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला गाडी म्हणत. पण आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, काही ऐकायची नाही. जे ओझं वाहतं, पाणी पितं, तापतं आणि मधेच हटून बसतं ते बैलच, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारासमोर ती तांब्या घेऊन यायची. चाँदभाई ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण उघडायचा आणि अव्वा पाणी ओतताना कानडीत म्हणायची, "कुडियप्पा, कुडी," पी बाबा, पी. मग बॉनेटवर विभूतीची तीन बोटं उठायची. चाँदभाई तोवर टोपी काढून आदबीनं उभा असायचा. सगळं आटोपलं की म्हणायचा, "अम्मा, बैल पानी पिया. अब उसकू थोडा पेट्रोल पिलाते, नै तो वळसंगकू जाके बैठ जाता." अव्वा पदर तोंडाला लावून हसायची, आणि तो पुढं जाऊन हँडल मारायचा. पहिल्या झटक्यात मोटार नुसती खोकायची, दुसऱ्या झटक्यात गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची, आणि तिसऱ्यात बसवण्णा असा काही थरथरायचा, की समोरच्या घरातली फळीवरची भांडी वाजायची.

अप्पांचं घोंगड्यांचं आणि धान्याचं दुकान होतं. मोटार हा त्यांचा शौक. सकाळी सोलापुरातून निघून वळसंगवरून अक्कलकोट गाठायचं आणि दुपार कलायला लागली की परतायचं, अशी आमची फेरी असे. मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. तेव्हा अप्पांनी माझ्या गळ्यात तिकिटांची चामडी पिशवी अडकवली आणि म्हणाले, "हे तरी धड कर." मला वाटतं, माझ्या आयुष्यात एवढा आनंद मला कोणत्याच शिक्षेनं दिला नाही. वीस वर्षांचा होतो. फूटबोर्डावर उभं राहायचं, वारा अंगावर घ्यायचा, हात वर केलेल्या माणसाला लांबूनच ओळखायचं. डब्यात अव्वानं दिलेल्या कडक भाकऱ्या असत. त्या मोडल्या की पापडासारखा आवाज यायचा. त्यांच्याबरोबर शेंगांची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली, आणि कांदा. अक्कलकोटला मोटार झाडाखाली लावून चाँदभाई आणि मी जेवायला बसत असू. चाँदभाई आधी टांगा हाकायचा. मोटार शिकल्यावर त्यानं एक खाकी कोट शिवून घेतला होता आणि उन्हाळ्यातसुद्धा तो अंगावरून काढत नसे. "टांगेवालेकू सब अरे बोलते," तो म्हणायचा, "ड्रायव्हरकू अहो बोलते. इस वास्ते कोट." वळणावर ब्रेक न लावता नुसत्या हातानं गाडी कशी आवरायची हे तो मला दाखवायचा, आणि माझ्याकडून चूक झाली की भाकरीच्या तुकड्यानं डोक्यात मारायचा.

वळसंगच्या जवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठं माळरान होतं. गवत गुडघ्याएवढं, मधेमधे तरवडाची झुडपं. तिथं हरणं होती. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण साठ-सत्तरांचा कळप मी सहज पाहिलेला आहे. नर काळेकुळकुळीत, पोटाकडं पांढरे, डोक्यावर पीळ घातलेली शिंगं. माद्या उन्हाच्या रंगाच्या. मोटार दिसली की ती पळत, पण आमच्यापासून लांब नव्हे. आमच्या बरोबरीनं धावत आणि अखेर आमच्या पुढूनच रस्ता ओलांडत. एक उडी मारी, मग तिथूनच दुसरं, तिथूनच तिसरं, जणू हवेत एक अदृश्य फाटक होतं आणि प्रत्येकाला त्याच्यावरूनच जायचं होतं. अशा दिवशी मोटारीत सण असायचा. स्वामींचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बायका हात जोडायच्या, साड्यांची गाठोडी घेऊन बसलेला तेलुगू विणकर उभा राहून टाळ्या पिटायचा. वळसंगची एक म्हातारी दर आठवड्याला मोठ्यानं तेच बोलायची, "ते काळं एकलंच नवरा हाय, आन बाकी समद्या बायका. बघा, तरी बी कसं पळतंय बिचारं!" आणि मोटार हसून हसून हलायची.

त्याच सुमारास त्या रस्त्यावर दुसऱ्या एकानं नवी मोटार आणली. तिला मऊ गाद्या होत्या आणि पडद्यांना झालर. आमच्या फळ्यांवर बसून ज्यांची हाडं खिळखिळी झाली होती ते उतारू तिकडं जाऊ लागले. अप्पा घरात बोलेनासे झाले. माझ्या मनात आलं, आपल्याकडं गाद्या नाहीत, पण हरणं आहेत. ती रोज दिसली तर?

माळावर ठकूआक्काचा कळप असायचा. ठकूआक्का धनगराची, चाळिशी उलटलेली. नवरा हिवतापानं गेल्यावर मेंढरं तीच राखायची. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि तोंड असं की पाटलालाही वळसा घालून जावंसं वाटावं. एकदा बसवण्णा नेमका तिच्या मेंढरांच्या वाड्यापाशी हटून बसला. चाँदभाई इंजिनात डोकं घालून बसला होता. ठकूआक्कानं मला मेंढीच्या दुधाचा खरवस दिला, आणि मी विचारलं, "आक्का, हरणं तुमच्या मेंढरांच्या एवढ्या जवळ कशी येतात?"

"तुजी मोटार वराडती. माजी मेंढरं वराडत न्हाईत," ती म्हणाली. मग काठीनं तिनं चपट्या दगडांची एक रांग दाखवली. "आन हितं मीठ असतंय की."

पंधरवड्यातून एकदा ती त्या दगडांवर जाडं मीठ पसरायची. मेंढरं ते चाटायची. मेंढरं हलली, की दगडाच्या खाचांत उरलेलं चाटायला हरणं यायची. त्या माळाच्या गवतात मिठाचा अंश नसावा. जनावरांना त्याची ओढ लागायची. हे तिनं मला भाकरी कशी थापावी हे सांगावं तितक्या सहज सांगितलं. मी चाटून झालेली वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "आक्का, मीठ मी आणून देतो. पाहिजे तेवढं. तुम्ही फक्त दगड रस्त्याकडेला मांडा, त्या वळणापाशी."

"रस्त्याकडंला? मोटार येती की तितं."

"आमचीच मोटार. चाँदभाई हळू आणतो."

"तुला हरणं कशाला पायजेत रं?"

"लोकांना बघायला."

"येडा हायेस," ती म्हणाली. पण मीठ तिला हवंच होतं.

त्यानंतरचे दोन महिने मला आजही गोड लागतात, आणि तेच मला सांगायला जड जातं. मी घरातून पिशवीभर मीठ न्यायचो, दुकानातूनही उचलायचो, आणि पिशवीत काय आहे ते चाँदभाईलाही सांगायचो नाही. त्या दिवसांत मिठावरून देशभर गडबड चाललेली. अव्वा डबा उघडून रिकामा बघायची. अप्पांना संशय आला की पोरगं चळवळीत पडलं, एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून, दार लावून, दबक्या आवाजात सांगितलं, "शिवा, जे करतोस ते जपून कर." त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि थोडा अभिमानही. मी मान खाली घातली. अव्वानं मात्र मला एकदाच विचारलं, "मीठ कुणाला घालतोस?" मी म्हणालो, "मेंढरांना." ती म्हणाली, "बरं." अव्वाला खोटं चटकन कळायचं, आणि हे अर्धं खरं होतं.

हरणं शिकली. परतीच्या फेरीच्या वेळेला, ऊन तिरपं झालं की कळप वळणापाशी हजर. त्या दुसऱ्या, नव्या मोटारीची वेळ सकाळची, तिला नुसतं गवत दिसे. आमचं नाव 'हरणांची मोटार' पडलं. मऊ गाद्यांवरचे उतारू परत आमच्या फळ्यांवर आले. लग्नाच्या एका वऱ्हाडानं तर नवरीला हरणं दाखवायची म्हणून आख्खी मोटार ठरवली. नवरी चौदा-पंधरा वर्षांची, रडून डोळे सुजलेली. काळवीट रस्त्यावरून उडालं तेव्हा ती पदर विसरून ओरडली, "अजून एक! अजून एक!" आणि माहेर सुटल्याचं दुःख पुढच्या दोन मैलांत विसरली. मी फूटबोर्डावर असा उभा, की जणू तो कळप मीच पाळलेला.

आणि मग एके दिवशी ते झालं. सुगीचे दिवस होते, मोटार भरलेली. वळणावर तरवड दाट वाढला होता. एक मादी रस्त्यावरून उडाली. चाँदभाईनं गाडी हळू केली, ती पलीकडं गेलेली पाहिली, भोंगा दाबला आणि पुन्हा वेग घेतला. भोंग्यानं दगडांपाशी उभा असलेला कळप फुटला. पुढची गेली त्याच जागेवरून बाकीची उडायला लागली, एकामागून एक, आणि झुडपामागून आलेली तिसरी थेट बसवण्णाच्या तोंडावर आदळली. चाँदभाईनं चाक फिरवलं. मोटार रस्ता सोडून चरात गेली आणि एका कुशीवर हळूच, म्हाताऱ्या बैलासारखी, टेकली. माणसं थोडक्यात वाचली. एका बाईचं मनगट मुरगळलं, चाँदभाईची भुवई फुटून रक्त खाकी कोटावर आलं. ठकूआक्का माळावरून धावत आली. तिनं मादीच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "गाभन हुती," ती म्हणाली. मग तिनं दगडांकडं पाहिलं, आणि माझ्याकडं.

अप्पांनी त्याच संध्याकाळी चाँदभाईकडून हँडल काढून घेतलं. "रोज तिथं हरणं असतात हे तुला माहीत, आणि तरी वेग?" चाँदभाईनं एवढंच म्हटलं, "साब, एक गई तो मैं समझा रस्ता खाली हुआ." तो कोट घडी करून काखेत घेऊन गेला. मी दारात उभा होतो. हरणं तिथं रोज का असतात, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य त्या दिवशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला समजलं की चाँदभाई परत टांग्याच्या अड्ड्यावर उभा असतो आणि त्याला टांगाही मिळत नाही, कारण मोटार उलटवणाऱ्याच्या हाती घोडा कोण देणार? तरी मी बोललो नाही. नवा ड्रायव्हर आणला तो एवढा भित्रा, की समोरून बैलगाडी आली तर मोटार थांबवून खाली उतरायचा. उतारू त्याला म्हणायचे, "मास्तर, आमी चालत पुढं हुतो, तुमी या सावकाश." मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

आठव्या दिवशी फेरीला सुट्टी होती, दुपारी आम्ही घरी जेवायला बसलो होतो. अव्वानं हुग्गी केली होती, गव्हाची, गूळ घालून. ओसरीवर काठी आपटल्याचा आवाज आला आणि ठकूआक्का दारात. माळावरून ती चालत आली होती. पाय धुळीनं पांढरे झालेले.

"मालक," ती म्हणाली, "तुमी त्या मुसलमानाला काडून टाकलं म्हनं. वळसंगला उतारू बोलत हुते. त्येची चूक न्हाय. हरनं तितं मिठासाटनं येत्यात. मीठ म्या ठिवलं हुतं."

"मीठ? रस्त्यावर?" अप्पांचा घास हातातच राहिला.

"रस्त्याच्या कडंला. म्याच ठिवलं."

एवढं बोलून ती थांबली. ती थांबली ती माझ्यासाठी, हे मला तेव्हाही कळलं होतं. तिनं तिचं अर्धं सांगितलं होतं, खरं सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं ज्याचं होतं त्याच्याकडं ती शांतपणे बघत होती. अव्वाही पळी हातात धरून माझ्याकडंच बघत होती. माझ्या तोंडात हुग्गी होती. मी ती चावत राहिलो. गव्हाचा दाणा इतका वेळ कधी चावायला लागत नाही.

"का ठेवलंस, हे विचारायलाच नको," अप्पा म्हणाले. "अक्कल नाही म्हणून ठेवलंस." अव्वानं माझ्या ताटात आणखी एक पळी हुग्गी वाढली, आणि मागं न बघता आत गेली.

चाँदभाई त्याच संध्याकाळी परत आला. तो आनंद मी लपवणार नाही. त्या आठवणीनं मला अजूनही बरं वाटतं. अव्वानं बसवण्णाला ओवाळलं आणि मग त्यालाही. गल्लीतल्या पोरांनी त्याला उचलून सीटवर बसवलं. कोटावरचा डाग त्याच्या बायकोनं घासून घासून काढला होता, तिथं कापड विरलं होतं. त्यानं हँडलला दोनदा हात लावून कपाळाला लावला आणि पहिल्याच झटक्यात बसवण्णा सुरू झाला. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. "देखा," तो म्हणाला, "बैल मालिककू नै, हाकनेवालेकू पयचानता."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन ठकूआक्काकडं गेला, डोकं खाली घालून शिकायला. आणि तिनं शिकवलं. एक हरीण रस्ता ओलांडताना दिसलं की रस्ता मोकळा झाला असं समजू नका, आता सुरू झाला असं समजा. शेवटचं जाईपर्यंत थांबा. शेवटचं कोणतं हे कसं ओळखायचं? "पलीकडं गेलेल्या माद्या मागं बघायच्या थांबल्या की वळक." भोंगा वाजवू नका, त्यानं कळप फुटतो आणि फुटलेली जनावरं एकमेकांकडं धावतात, मधे तुम्ही असलात तरी. वळणावरचा तरवड तोडा. त्यांना तुम्ही दिसत नाही, तुम्हाला ती. आणि मीठ ठेवायचंच तर टेकाडाच्या पल्याड, ओढ्याच्या अंगाला, म्हणजे पाणी आणि मीठ एकाच बाजूला, रस्ता ओलांडायचं कारणच कमी. आम्ही तिघांनी मिळून दगड वाहून नेले. चाँदभाईनं कोट काढला. मी त्याला प्रथमच नुसत्या सदऱ्यात पाहिलं. तरवड तोडायला वळसंगचे उतारूसुद्धा उतरले, म्हातारी फांद्या ओढताना ओरडत होती, "नवऱ्याला वाट द्या, नवऱ्याला वाट द्या!" पंधरवड्यात कळप टेकाडामागं सरकला. मधूनमधून ओलांडायचा, तेव्हा आम्ही इंजिन बंद करून थांबायचो. भोंगा नाही, घरघर नाही, आणि चाळीस माणसांचा श्वास रोखलेला. त्या शांततेत खुरांचा आवाज ऐकू यायचा. पूर्वीच्या आमच्या तमाशापेक्षा लोकांना हेच जास्त आवडलं. आमची मोटार त्या रस्त्यावर असेपर्यंत पुन्हा एकही हरीण तिच्याखाली आलं नाही.

हे सगळं कुणी सुचवलं, असं उतारूंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आम्ही सुचवलं." आम्ही म्हणजे कोण, ते मी सांगितलं नाही. हळूहळू त्या 'आम्ही'चा मीच झालो. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावरच्या एका गावात मला शाल आणि नारळ दिला. हरणांना जपणारा जुना माणूस म्हणून एका तरुण मास्तरांनी फार सुंदर भाषण केलं. मुलींनी गाणं म्हटलं. मी शाल पांघरून बसलो, आणि मला हुग्गीची चव आली.

कारण ठकूआक्काचं काय झालं ते त्या भाषणात नव्हतं. वळसंगचा पाटील आमच्या मोटारीत पुढच्या सीटवर बसायचा. अप्पांनी त्याच्या कानावर घातलं की ही बाई रस्त्यावर मीठ टाकते, तिला इथं थारा देऊ नका. दर साली तिची मेंढरं वळसंगच्या शेतांत बसायची, लेंडीखताच्या बदल्यात तिला धान्य मिळायचं. त्या साली तिला कुणी शेतात येऊ दिलं नाही, पुढच्याही साली नाही. ती कळप घेऊन दक्षिणेला, कानडी मुलखाकडं सरकली.

दोन वर्षांनी ती मला एकदाच भेटली, अक्कलकोटच्या अलीकडं. मेंढरं रस्ता ओलांडत होती, म्हणून चाँदभाईनं इंजिन बंद केलं होतं. ती शेवटच्या मेंढरामागून येत होती, काखेत एक कोकरू. मला ओळखून हसली, मनापासून हसली. मी फूटबोर्डावरून उतरून तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "आक्का, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली, आणि कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं. "मग बोल की. तुजा बाप अजून जित्ता हाय."

अप्पा त्यानंतर अठरा वर्षं जगले.